सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी राहून गेली, वय २८ : सिटीझनशिपचा अर्ज आता करावा की थांबावं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मामाने तुझ्या आईला स्पॉन्सर केलं होतं, त्यावर तुम्ही चौघं २०१७ मध्ये इमिग्रंट व्हिसावर न्यू जर्सीत आलात, तेव्हा तू १९ चा होतास. आता २८ आहेस. धाकट्या बहिणीचा सिटीझनशिपचा अर्ज सुरळीत पार पडला, शपथही झाली, आणि तू स्वतःचा एन-४०० (सिटीझनशिपचा फॉर्म) भरायला बसलास तर त्यात सिलेक्टिव्ह सर्व्हिसचा, म्हणजे सैन्यभरतीची वेळ आलीच तर म्हणून पुरुषांची यादी ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, प्रश्न आला, जो बहिणीला कुणी विचारलाच नव्हता. तू नोंदणी केलेली नाहीस, करायची असते हेच माहीत नव्हतं. एक मित्र म्हणतो "लिहून टाक की त्या काळात मी इंडियात होतो", दुसरा म्हणतो ३१ पूर्ण होईपर्यंत अर्जच करू नको, आणि आईला भीती की आता नाव दिलं तर पोराला लढाईवर पाठवतील. त्यात इंडियात लग्नाचं बोलणं चालू आहे म्हणून घाई.

मी न्यू जर्सीतच बरीच वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. हा प्रश्न मराठी घरांतून माझ्याकडे येत राहतो, आणि येतो तो बहुतेक वेळा उशिराच येतो. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते. तुझे कागद मी बघितलेले नाहीत त्यामुळे खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं "असं असेल तर असं" या प्रकारचं आहे, ते तसंच धर.

आईचं आधी मिटवू, कारण ते सोपं आहे. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ मध्ये थांबली, तेव्हापासून कुणालाही जबरदस्तीने सैन्यात घेतलेलं नाही. नोंदणीसुद्धा १९७५ मध्ये बंद केली होती, ती सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात घुसल्यावर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरनी परत चालू केली. नोंदणी म्हणजे फक्त यादीत नाव. उद्या खरंच भरती करायची झाली तर आधी काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कायदा करावा लागेल, मग लॉटरी, आणि त्यात पहिला नंबर त्या वर्षी २० चे होणाऱ्यांचा, मग २१ ते २५, आणि १९ आणि १८ वाले अगदी शेवटी. तू २८ चा आहेस, तुझं नाव या यादीत आता कुणी घेणारच नाही, घालायचं म्हटलं तरी घालता येत नाही. २६ वा वाढदिवस झाला की ते दार बंद. आईला हे नक्की सांग, ती उगाच झोप घालवतेय.

आणि खरी अडचण तिथेच आहे. नियम असा की १८ पूर्ण झाल्यापासून २६ पूर्ण होईपर्यंत इथे राहणाऱ्या प्रत्येक पुरुषाने नोंदणी करायची, सिटीझन असो, ग्रीन कार्डवाला असो, असायलम मिळालेला असो नाहीतर कागदपत्रं नसलेला असो. १८ झाल्यावर ३० दिवसांत, आणि त्या वयात देशात आलास तर आल्यापासून ३० दिवसांत. सूट आहे ती नॉन-इमिग्रंट व्हिसावर कायदेशीरपणे असणाऱ्यांना, म्हणजे एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (एच-१बी वाल्याचं कुटुंब) वगैरे, आणि तीही स्टेटस चालू असेपर्यंतच. तू पहिल्या दिवसापासून ग्रीन कार्डवर होतास म्हणजे तुला सूट नव्हती. नोंदणी करायला हवी होती, राहून गेली, आणि आता करता येत नाही. मग आता यूएससीआयएस, म्हणजे सिटीझनशिपचे अर्ज बघणारं इमिग्रेशन खातं, तुझ्याकडे कसं बघणार, एवढाच प्रश्न उरतो.

ते बघतात ते वयावर. २६ च्या आतला असेल तर सरळ आहे, नोंदणी कर नाहीतर सिटीझनशिप विसर. ३१ च्या पुढचा असेल तर नोंदणी न केल्याची गोष्ट साधारणपणे आड येत नाही, कारण सिटीझनशिपसाठी लागणारं चांगलं चारित्र्य हे मुख्यतः अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांचं बघतात आणि २६ अधिक पाच म्हणजे ३१. (अमेरिकन सिटीझनशी लग्न होऊन तीन वर्षांच्या नियमाखाली अर्ज करणाऱ्यांसाठी हेच वय २९ होतं.) आणि मधले, २६ ते ३१ वाले, म्हणजे तू, यांनी हे पटवून द्यायचं असतं की नोंदणी जाणूनबुजून टाळली नव्हती. पटवायची जबाबदारी तुझी आहे, त्यांची नाही, हे लक्षात ठेव. पण कसोटी फौजदारी खटल्याएवढी कडक नाहीये, तुझं म्हणणं खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं वाटलं पाहिजे.

आता तू ज्या गोष्टीने सुरुवात करायला हवी होतीस ती सांगते, आणि ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. तू नोंदणी केली नाहीस हे तुला नक्की माहितीय का? इमिग्रंट व्हिसाचा जो डीएस-२६० फॉर्म तुम्ही मुंबईच्या इंटरव्ह्यूआधी भरला, त्यातून १८ ते २५ मधल्या पुरुषांची माहिती सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे जायची असते. इथे राहून ग्रीन कार्ड करणाऱ्यांच्या आय-४८५ चंही तेच. बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातूनही नाव जातं. म्हणजे तुझ्या नकळत तुझी नोंदणी झालेली असू शकते, आणि पत्र मामाच्या जुन्या पत्त्यावर जाऊन जाहिरातींच्या ढिगात गेलं असेल. एसएसएस डॉट गव्ह या साइटवर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाकून बघता येतं, फुकट आहे. पण डीएस-२६० भरताना तुझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबरच नव्हता, त्यामुळे शोधात नाव आलं नाही म्हणजे नाहीच असं धरू नकोस, त्यांना फोन करून नाव आणि जन्मतारखेवरून शोधायला सांग. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं असतं, ते इथे कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं, आणि स्पेलिंगचे तर विचारू नकोस. सगळ्या शक्य पद्धतींनी शोधायला लाव.

तसंच, तू इथे कॉलेज केलंस ना? फॅफ्सा (सरकारी विद्यार्थी मदतीचा अर्ज) भरला होता का, त्यातून पेल ग्रँट मिळाली होती का? तुझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षांत केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घ्यायची तर मुलांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची नोंदणी लागायची, फॉर्मवर "माझी नोंदणी करा" असा पर्यायच होता. ती अट नंतर २०२० च्या शेवटी झालेल्या कायद्याने काढली, पण २०१८-१९ मध्ये होती. म्हणजे त्या काळात तुला पेल ग्रँट मिळाली असेल तर तुझं नाव यादीत असण्याची शक्यता चांगली आहे. नाव सापडलं तर विषय संपला, नोंदणीचं पत्र प्रिंट कर, नंबर एन-४०० मध्ये लिही आणि लग्नाच्या तयारीला लाग.

पण याची दुसरी बाजूही आहे. समजा फॅफ्सामध्ये तो प्रश्न तुला आला होता आणि तू "नोंदणी करू नका" असं उत्तर दिलं होतंस, तर मग "मला कधी कळलंच नाही" असं लिहिता येणार नाही. माझ्याकडे एका मुलाने अगदी मनापासून तसं लिहून आणलं होतं, कॉलेजचे जुने कागद मागवले तेव्हा त्यात त्याचंच उत्तर निघालं. तो खोटारडा नव्हता, १८ व्या वर्षी कुणाच्या तरी मदतीने भराभर भरलेला फॉर्म होता, विसरला होता. पण अधिकाऱ्यासमोर ते आधी आपण सांगणं आणि त्यांनी काढून दाखवणं यात फार फरक पडतो. म्हणून नोंदणी का राहिली हे सांगणाऱ्या शपथपत्राचा एक शब्द लिहायच्या आधी जुने कागद गोळा कर: फॅफ्साच्या प्रती, कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, लायसन्सचे अर्ज, कुठल्या महिन्यात कुठे राहत होतास त्याची लीज नाहीतर बँक स्टेटमेंट, पासपोर्टवरचे शिक्के. आठवणीवर लिहू नकोस.

नाव खरंच नसेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर मागव. हे २६ च्या पुढच्यांसाठी असतं, साइटवर त्याचा फॉर्म आहे, पैसे लागत नाहीत, तुझी परिस्थिती लिहून कागद जोडायचे आणि वाट बघायची. पत्रात बहुतेक हेच येईल की तुला नोंदणी करणं बंधनकारक होतं आणि नोंद सापडत नाही. ते वाचून लोक घाबरतात, मला रात्री मेसेज करतात की नकार आला. तो नकार नसतो. जाणूनबुजून केलं की नाही हे सिलेक्टिव्ह सर्व्हिस ठरवतच नाही, ज्या खात्याकडे तू अर्ज करतोस ते खातं ठरवतं. मग पत्राचा उपयोग काय, तर अधिकाऱ्याला ते लागतंच, आणि तू विषय अंगावर न काढता आधीच निस्तरायला गेलास हे त्यातून दिसतं. त्यांनी तुला पूर्वी पत्रं पाठवली होती अशी नोंद त्यात आली तर पत्ता नीट बघ. तू तेव्हा तिथे राहत नव्हतास हे लीजवरून दाखवता आलं तर तीच गोष्ट तुझ्या बाजूची होते.

आता शपथपत्र. इंटरनेटवरचे नमुने उतरवून काढू नकोस. अधिकारी दिवसभर हेच वाचतात, साच्यातलं त्यांना पहिल्या ओळीत कळतं. साध्या इंग्रजीत, तुझ्या तोंडी शोभेल असं लिही, कारण इंटरव्ह्यूत तुला त्यावरच प्रश्न विचारणार आहेत. किती साली आलास, इथल्या हायस्कूलमध्ये गेला नाहीस (हा मुद्दा चांगला आहे, कारण इथली मुलं याबद्दल बहुतेक शाळेतच ऐकतात आणि तू बारावी करूनच आलास), घरात कुणाला का माहीत नव्हतं, तुमच्या घरातून या वयाचा इथे आलेला तू पहिलाच मुलगा, बहिणीला हा नियमच लागू नाही, आणि मग तुला कधी, कशावरून कळलं आणि कळल्यावर लगेच काय केलंस. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आज कळलं आणि वर्षभराने पत्र मागवलं असं दिसलं तर बाकीचं सगळं खरं असूनही ढिलं वाटतं. मामाचं आणि आईचं छोटं शपथपत्र जोड, त्यांनी फक्त स्वतःला जे माहीत आहे तेवढंच लिहायचं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूएससीआयएसने अधिकाऱ्यांना असं सांगितलंय की चारित्र्य बघताना नुसतं गुन्हा नाही ना एवढ्यावर थांबू नका, माणसाने इथे काय चांगलं केलंय तेही तोला. त्यामुळे टॅक्सच्या ट्रान्सक्रिप्ट, नोकरीचं पत्र, कुठे स्वयंसेवक म्हणून काम केलं असशील तर त्याचं पत्र, आईवडिलांचा इन्शुरन्स तू भरत असशील तर तेही, सगळं फाइलमध्ये घाल. पूर्वी मी एवढं जोडत नव्हते, आता जोडते.

मित्राचा तो सल्ला, की इंडियात होतो असं लिही. हे करू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. तुझ्या येण्याजाण्याच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, पकडला जाशील हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे, नोंदणी राहिली ही गोष्ट समजावून सांगता येते, ३१ नंतर तर ती आपोआप मागे पडते. शपथेवर खोटं बोलणं मात्र स्वतःच चारित्र्याच्या आड येणारं कारण आहे, आणि त्याचं पाच वर्षांचं घड्याळ त्या दिवसापासून नव्याने चालू होतं. आणि समजा कुणाच्या लक्षात आलं नाही आणि सिटीझनशिप मिळाली, तरी खोटं बोलून मिळवलेली सिटीझनशिप पुढे काढून घेता येते, त्याला मुदत नाही. तुझ्याकडे आत्ता एक छोटी, खरी, माफ होण्यासारखी चूक आहे. तिची मोठी करू नकोस.

तुरुंगाचंही कुणीतरी घातलंय तुझ्या डोक्यात असं दिसतं. कायद्यात पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलर दंड लिहिलेला आहे हे खरं, पण १९८० च्या दशकानंतर नोंदणी न केल्याबद्दल कुणावर खटला चाललेला नाही. या एका कारणाने ग्रीन कार्डही जात नाही. फार तर अर्ज नाकारतील.

मग आता करावा की थांबावं? इथे माझं मत सांगते, दुसरा वकील वेगळं सांगेल आणि तोही चूक नसेल. कागद गोळा केल्यावर तुझी गोष्ट स्वच्छ निघाली, म्हणजे फॅफ्सामध्ये काही उलटं नाही, पत्रं मिळाल्याचा पुरावा नाही, कळल्यावर लगेच हालचाल केलीस, तर मी आता अर्ज करायला सांगेन. ३१ पर्यंत नुसतं बसून राहणं सुरक्षित वाटतं, पण त्या तीन वर्षांत नियम बदलतात, फी वाढते, आणि तुझ्यासारख्याचं आयुष्यही थांबत नाही. लग्न इंडियात होणार असेल तर सिटीझन नवऱ्याच्या बायकोला व्हिसा नंबरची (कोट्यातल्या जागेची) वाट बघावी लागत नाही, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला लागू शकते. तुझ्या घाईचं कारण मला पटतं. नाकारला तर जाते ती फी, म्हणजे ऑनलाइन ७१० डॉलर नाहीतर कागदावर ७६०, आणि मनस्ताप. नकारावर ३० दिवसांत सुनावणी मागता येते, आणि नंतर नवा अर्जही करता येतो. उलट, तुला तेव्हा माहीत होतं आणि तू टाळलंस असं कागदांतून दिसत असेल, तर माझ्याकडे आलास तरी मी सांगेन की थांब. ३१ पूर्ण झाल्यावर अर्ज कर आणि तेव्हाही प्रश्नाचं उत्तर खरंच दे. तुझ्या रेकॉर्डवर दुसरं काही असेल, अटक, टॅक्स न भरणं, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणं, तर हे गणित पूर्ण बदलतं आणि मग ऑनलाइन सल्ल्यावर जाऊ नकोस, फाइल घेऊन कुणाकडे तरी बस.

इंटरव्ह्यूत शपथेबद्दलही विचारतील, की कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलशील का. हा प्रश्न सगळ्यांना असतो, स्त्रियांनाही, आणि त्याचा नोंदणीशी गोंधळ करू नकोस. सांगलीकडच्या एका जैन कुटुंबातल्या मुलाने मला विचारलं होतं की आमच्यात हिंसा चालत नाही मग मी नोंदणी कशी करू. नोंदणी सगळ्यांनीच करायची असते, लढायला विरोध आहे हे सांगायची वेळ भरती झालीच तर तेव्हा येते. शपथेतलं शस्त्राचं वाक्य मात्र श्रद्धेच्या कारणाने वगळून घेता येतं, ते वेगळं मागावं लागतं.

तुझं उत्तर इथे झालं, पण हे वाचणाऱ्या आईबापांसाठी दोन गोष्टी, कारण मला सगळ्यात जास्त वाईट याच केसेसचं वाटतं. मुलगा एच-४ नाहीतर एफ-१ वर होता आणि २६ पर्यंत सलग तसाच होता, तर नोंदणी लागतच नव्हती, पण ते सिद्ध करायला जुने आय-७९७ (मंजुरीची पत्रं), आय-२० (एफ-१ साठी कॉलेजने दिलेला कागद) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) सांभाळून ठेवा, फेकू नका. एच-४ वरून २१ व्या वर्षी एफ-१ ला जाताना मध्ये खंड पडला असेल तर त्या खंडाचं काय, हे नीट बघावं लागतं. एच-४ संपला आणि मुलगा नुसत्या पेंडिंग आय-४८५ वर राहिला, किंवा अॅडव्हान्स परोलवर (अर्ज पेंडिंग असताना बाहेर जाऊन परत यायच्या परवानगीवर) बाहेर जाऊन आला, तर तो नॉन-इमिग्रंट राहिलाच नाही, आणि सूट गेली असं धरून चाला. आणि ग्रीन कार्ड २५ व्या वर्षी हातात आलं, वाढदिवसाला थोडे महिने उरलेत, तर "आता काय, संपलंच की वय" असं म्हणून सोडू नका, नेमका तोच मुलगा पुढे अडकतो.

२६ च्या आत कोणीही असेल आणि राहिलं असेल तर आजच करा, उशीर का झाला म्हणून अडवत नाहीत. साइटवर पाच मिनिटांचं काम आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर पोस्ट ऑफिसचा फॉर्म भरून पाठवता येतो, इमिग्रेशन स्टेटस ते विचारत नाहीत. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा असतो. आपोआप नोंदणीचा कायदा २०२५ च्या डिसेंबरमध्ये झालाय, पण त्यावर विसंबू नका, मुलाचं नाव यादीत आहे की नाही ते स्वतः साइटवर बघा आणि पत्र प्रिंट करून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा.

आणि तू, आधी तो फोन कर. नाव सापडलं की नाही ते इथेच कळव, नसेल सापडलं तर फॅफ्साच्या प्रती हातात आल्यावर पुढचं बोलू.